तुम्ही विचारलंत: वर्तनाचं शास्त्र घेऊन मैदानात उतरायचंय, आधी गाठायचं कोणाला?

प्रश्न: नमस्कार ताई, मी २८ वर्षांची आहे, बिहेवियर ॲनालिसिसमध्ये, म्हणजे वर्तन मोजून बदलण्याच्या शास्त्रात, मास्टर्स केलंय आणि तेव्हापासून ऑटिझम असलेल्या मुलांसोबत काम करतेय. काम वाईट नाहीये पण मन तिथे नाही. कॉलेजात असताना ४०० मीटर आणि रिले पळायचे, अजूनही ग्राउंडवर गेलं की घरी जावंसं वाटत नाही. आपलं शास्त्र खेळात आणि फिटनेसमध्ये वापरून करिअर करायचं डोक्यात आहे पण जॉब शोधायला बसलं की एकही जाहिरात सापडत नाही. सीनियर म्हणतात ही हॉबी आहे, करिअर नाही. घरचे म्हणतात चांगली नोकरी आहे ती कर गपचूप. सुरुवात कुठून करू? नोकरी सोडू का? (मला तू म्हटलंत तरी चालेल.)

उत्तर: तू म्हणते मग. आधी जाहिरातीचं. ती सापडणार नाहीये, तेव्हा शोधण्यात वेळ घालवू नकोस. या कामाची पोस्ट बहुतेक ठिकाणी तयारच नाहीये, आधी काम दाखवायचं आणि मग त्याची जागा तयार होते, हे असंच चालतं इथे.

आणि सीनियरना एवढंच सांग की ही हॉबी बरीच जुनी आहे. आपल्या क्षेत्राचं मुख्य जर्नल, जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, १९६८ ला सुरू झालं आणि त्याच वर्षी बेअर, वुल्फ आणि रिझली यांनी त्यात या शास्त्राच्या सात कसोट्या मांडल्या. वर्तन लोकांच्या दृष्टीने महत्त्वाचं हवं, मोजता यायला हवं, बदल तुमच्यामुळेच झाला हे दाखवता यायला हवं वगैरे. त्यात ऑटिझमच हवं असं कुठेही नाहीये. १९७२ मध्ये रशल आणि सीडेनटॉप यांचं खेळ आणि शारीरिक शिक्षणातल्या वर्तनावर अख्खं पुस्तक आलं. १९७४ मध्ये मॅकेन्झी आणि रशलने पोहणाऱ्या मुलांचा प्रयोग छापला, मुलांनी पूलवर सगळ्यांना दिसेल अशा बोर्डवर आपली हजेरी आणि आपलं काम स्वतः मांडायचं, बस, तेवढ्याने दांड्या आणि उशिरा येणं कमी झालं आणि प्रॅक्टिसमधलं काम वाढलं. पुढे अमेरिकेत ऑटिझमच्या थेरपीला विम्याचे पैसे मिळायला लागले आणि नोकऱ्यांची सगळी गर्दी तिकडे सरकली. त्यात गैर काही नाही, पण पैसा एका दाराने आला म्हणून घराला तेवढं एकच दार आहे असं नाही ना.

आता खरा मुद्दा. तुझ्यासारखे जे जे लिहितात त्या सगळ्यांच्या डोक्यात चित्र एकच असतं, की मी आणि एखादा खेळाडू, समोरासमोर बसलोय, मी त्याला बदलतेय. हे चित्र सोडून दे. खेळाडूला नाही, कोचला गाठ. का, तर तू त्या खेळाडूला आठवड्यात फार तर तासभर भेटणार, आणि कोच त्याच्यासमोर रोज असतो, कुठला ड्रिल कधी करायचा, चुकल्यावर काय म्हणायचं, कोणाला पुढच्या मॅचला खेळवायचं, कोणाला बाहेर बसवायचं हे सगळं त्याच्या हातात. आपल्या भाषेत वर्तनाच्या आधी काय घडतं आणि नंतर काय घडतं ही दोन्ही टोकं कोचच्या मुठीत असतात. तू निघून गेलीस तरी तो तिथेच असणार. आणि व्यवहाराचं बोलायचं तर तुला ग्राउंडवर घ्यायचं की गेटवरून परत पाठवायचं हेही तोच ठरवतो.

पण कोचकडे जाऊन रीइन्फोर्समेंटवर, म्हणजे वर्तनानंतर हवंसं काही मिळालं की ते वाढतं या तत्त्वावर, भाषण दिलंस तर संपलं. त्याला वीस वर्षांचा अनुभव आहे आणि तू कालची आलेली, तो ऐकून घेईल, चहा पाजेल आणि विसरून जाईल. त्याला विचार की तुमच्या डोक्याला रोज ताप देणारी, परत परत होणारी एक गोष्ट सांगा. एकच. मग ती मोजून दाखव.

तू रिले पळायचीस म्हणून तिथलंच उदाहरण घेते. ४ बाय १०० मध्ये बॅटन पडतं किंवा ते बदलायच्या झोनच्या बाहेर जातं आणि कोच ओरडतो "लक्ष कुठे होतं". आता लक्ष कसं मोजणार? त्याचे तुकडे कर. येणारी धावपटू चेकमार्कवर, म्हणजे ट्रॅकवर आधी ठरवलेल्या जागी, पोचली त्याच क्षणी पुढची निघाली का, निघाल्यावर मागे वळून पाहिलं का, हाक आल्यावरच हात मागे गेला का, हात स्थिर राहिला का, आणि ३० मीटरच्या झोनच्या आत बॅटन हातात पडलं तेव्हा दोघींचा वेग टिकून होता का. पाच खुणा, हो किंवा नाही. थोडे दिवस काहीही न बदलता नुसतं मोज, ती तुझी बेसलाइन. मग कोचच्या हातात ती यादी दे, प्रत्येक प्रयत्नानंतर त्याने दोघींना दाखवायचं की यातलं काय जमलं आणि काय राहिलं. आणि इथे तुझ्या मास्टर्सचा खरा उपयोग, रिलेत बॅटन तीनदा हात बदलतं, म्हणजे तीन जोड्या, तर यादी आधी फक्त पहिल्या जोडीला द्यायची, बाकी दोन जोड्यांचं नुसतं मोजत राहायचं, पहिलीचा आकडा चढला की दुसरीला, मग तिसरीला. जिथे यादी गेली तिथेच आणि तेव्हाच आकडा हलला तर कोणी म्हणू शकत नाही की हवा चांगली होती किंवा मुली आपोआप सुधारल्या. मल्टिपल बेसलाइन म्हणजे हेच, तू परीक्षेत लिहिलंयस, आता ग्राउंडवर कर.

ही आयडिया माझी नाही बरं का. १९७७ मध्ये कोमाकी आणि बार्नेट यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या अमेरिकन फुटबॉल टीमवर जवळपास हेच केलं, तीन डाव (म्हणजे ठरवून खेळायच्या चाली), प्रत्येकाचे पाच टप्पे, प्रत्येक प्रयत्नानंतर कोचने यादी दाखवायची, आणि बरोबर टप्प्यांचं प्रमाण साधारण ६० टक्क्यांच्या आसपास होतं ते ८० च्या आसपास गेलं. एका डावावर सुरू केलं तेव्हा बाकीचे डाव होते तिथेच होते. हा पेपर काढून वाच, छोटा आहे, आणि कोचला समजेल अशा भाषेत सांगता येतो.

पहिलं काम फुकट करावं का? एक करावं, पण लिहून ठरवून, किती आठवडे, काय मोजणार, शेवटी आलेख कोणाला दाखवता येणार. शेवट न ठरवता फुकट काम करू नकोस, ते संपतच नाही. त्या एका आलेखावर पुढचा कोच तुला बोलावतो, कारण कोच एकमेकांशी बोलतात आणि आपल्या लेखांपेक्षा एकमेकांवर विश्वास ठेवतात.

नोकरी सोडू नकोस, निदान लगेच नको. पैसा हे एक कारण झालं, आणि दुसरं म्हणजे पोटासाठी काम घ्यायची वेळ आली की माणूस जे येत नाही तेही येतं म्हणायला लागतो. आठवड्यातला एखादा दिवस मोकळा करता येतो का बघ. त्या दिवशी आधी नुसतं बसून बघ आणि मोज. रिले तुला कळते, म्हणून तिथून सुरू कर. उद्या कोणी टेनिससाठी बोलावलं तर टेनिस शिकावं लागेल, फोरहँड कुठे चुकतोय हे कोचला दिसतं आणि तुला दिसत नसेल तर तुझ्या डेटा शीटला काही अर्थ नाही. आणि कोणीतरी वरचढ माणूस शोध जो तुझे आलेख बघून शिव्या देईल. असोसिएशन फॉर बिहेवियर ॲनालिसिस इंटरनॅशनलमध्ये आरोग्य, खेळ आणि फिटनेस या विषयात काम करणाऱ्यांचा एक खास गट आहे, तिथे हे काम आधीपासून करणारी माणसं भेटतात.

प्रश्न: बीसीबीए (बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर ॲनालिस्ट) सर्टिफिकेट नसेल तर या क्षेत्रात पाऊल टाकूच नये का?

उत्तर: ते सर्टिफिकेट देणारा अमेरिकन बोर्ड २०२३ पासून, मोजके अपवाद सोडले तर, अमेरिका आणि कॅनडाच्या बाहेर राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेत नाही. त्यामुळे कोणी क्लासवाला "आमचा कोर्स करा आणि बीसीबीए व्हा" म्हणत असेल तर पैसे भरायच्या आधी बोर्डाची वेबसाइट स्वतः वाचा. बाहेरच्यांसाठी इंटरनॅशनल बिहेवियर ॲनालिसिस ऑर्गनायझेशनचं आयबीए (इंटरनॅशनल बिहेवियर ॲनालिस्ट) हे सर्टिफिकेट आहे, त्याचाही विचार करा. सर्टिफिकेट असावं या मताची मी आहे, पण कारण वेगळं आहे. त्याच्यासाठी सुपरव्हिजनखाली काम करावं लागतं आणि नीतिनियमांची परीक्षा द्यावी लागते, ती शिस्त उपयोगी पडते. कोच मात्र ते कधी विचारणार नाही. कोच विचारेल, तुम्ही कधी खेळलात का.

प्रश्न: मी शाळकरी मुलांचा फुटबॉल कोच आहे. आजकाल सगळे सांगतात पॉझिटिव्ह राहा, कौतुक करा. मी करून बघितलं, दर दोन मिनिटाला "शाब्बास" "व्हेरी गुड", मुलं लाडावली आणि खेळ तसाच. पूर्वी ओरडायचो तेव्हा निदान ऐकायची तरी. पण ओरडलं की काही मुलं यायचीच बंद होतात हेही खरंय. मग नेमकं करायचं काय?

उत्तर: सर, तुम्ही दोन्ही बाजू प्रामाणिकपणे लिहिल्यात, बरं वाटलं.

दर दोन मिनिटाला शाब्बास म्हटलं तर मुलाला कसं कळणार कशाबद्दल? धावला म्हणून, पास दिला म्हणून, की नुसता उभा होता म्हणून? घड्याळ लावून दिलेलं कौतुक वर्तनाला चिकटतच नाही, हवेत जातं.

बास्केटबॉलचे जॉन वुडन, ज्यांच्या यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या टीमने दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्यांच्या १९७४-७५ च्या शेवटच्या सीझनमध्ये थार्प आणि गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ प्रॅक्टिसला बसले आणि ते काय काय बोलतात त्याची नोंद केली. दोन हजारांहून जास्त नोंदी झाल्या. कौतुक सात टक्क्यांच्या आसपास, नाराजी पण जवळपास तेवढीच. आणि सुमारे तीन चतुर्थांश बोलणं म्हणजे निव्वळ माहिती, काय करायचं, कसं करायचं, पुन्हा कर. म्हणजे वुडन ना गोड होते ना कडक, ते सतत शिकवत होते. तुमची एक प्रॅक्टिस मोबाईलवर रेकॉर्ड करा, मोबाईल खिशात ठेवला तरी चालेल, आणि घरी ऐकताना प्रत्येक वाक्यापुढे खूण करा, माहिती, कौतुक की ओरडा. बऱ्याच कोचना धक्का बसतो, त्यांना वाटतं आपण शिकवतोय आणि निम्मा वेळ नुसतं "अरे!" "काय हे!" चाललेलं असतं. "अरे" मध्ये माहिती शून्य.

मुलं यायची बंद होतात त्याबद्दल. बार्नेट, स्मोल आणि स्मिथ यांनी १९९२ मध्ये छापलेल्या अभ्यासात बेसबॉलच्या छोट्या लीगमधल्या काही कोचना थोडं ट्रेनिंग दिलं, चांगल्या प्रयत्नाला लगेच दाद द्या, चुकल्यावर धीर द्या आणि सुधारणा सांगा, शिक्षा टाळा. पुढच्या सीझनला त्यांच्या टीममधली ५ टक्के मुलं सोडून गेली, ट्रेनिंग न दिलेल्या कोचांची २६ टक्के. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडच्या टीमचं जिंकण्या-हरण्याचं प्रमाण सारखंच होतं. तेव्हा ओरडण्याने मॅच जिंकता येते हा समज तुम्ही सोडलात तरी फारसं काही बिघडत नाही.

अजून एक करून बघा. एका ड्रिलमध्ये एकच गोष्ट निवडायची, समजा पास घ्यायच्या आधी मान वळवून मागे बघणं. मुलाने ते केलं की त्याच क्षणी शिट्टी, टिचकी, क्लिकर, काहीही एक ठरलेला आवाज. नाही केलं तर काहीच नाही, ना आवाज ना रागवणं. जिम्नॅस्टिक्सच्या कोच तेरेसा मॅककिऑन यांनी ही पद्धत टॅगटीच नावाने उभी केली, मूळ कल्पना प्राण्यांच्या ट्रेनिंगमधून आलेली आहे, हे पालकांना सांगायची गरज नाही हवं तर. शब्द तोंडातून निघेपर्यंत पाय पुढच्या जागी गेलेला असतो, आवाज मात्र नेमक्या क्षणावर बसतो, म्हणून ते चालतं. याच पद्धतीवर पुढे गोल्फच्या स्विंगचे प्रयोग झाले आणि ऑर्थोपेडिक सर्जनच्या ट्रेनिंगचेही.

प्रश्न: मी वेलनेस कोच आहे. क्लायंट पहिले तीन आठवडे उत्साहात असतात मग गायब. मी मोटिव्हेशनल मेसेज पाठवते, चॅलेंज ठेवते, वजनाचा चार्ट ठेवते, तरी तेच. लोकांमध्ये विलपॉवरच नसते असं वाटायला लागलंय.

उत्तर: विलपॉवरवर ढकललं की आपलं काम संपतं, म्हणून तो शब्द मी वापरत नाही.

तुमच्या क्लायंटची टार्गेटं लिहून काढा बरं. मी पैज लावते त्यात "गोड खाणार नाही", "रात्री जागणार नाही", "आळस करणार नाही" असलं काहीतरी असेल. वर्तनशास्त्रज्ञ ऑग्डेन लिंड्सली यांची एक कसोटी आहे, मेलेला माणूस जे करू शकतो ते वर्तन नव्हे. मेलेला माणूस गोड खात नाही, जागत नाही, तुमच्या सगळ्या क्लायंटपेक्षा तो शिस्तीचा. तेव्हा "करणार नाही" च्या जागी "काय करणार, कधी, कुठे" असं लिहायचं. जेवण झाल्यावर बूट घालून दहा मिनिटं चालणार. हे मोजता येतं.

आणि वजन हे वर्तन नाही, तो उशिरा येणारा परिणाम आहे. माणूस आठवडाभर नीट चालला, काट्यावर उभा राहिला, आकडा तोच, म्हणजे सात दिवसांच्या मेहनतीला काहीच मिळालं नाही, आणि सोफ्यावर बसण्याला मात्र लगेच आराम मिळतो. मग गायब कोण होणार नाही? पावलं मोजा, मिनिटं मोजा, किती वेळा बूट घातले ते मोजा. सुरुवातीचं टार्गेट माणूस आत्ता जे करतोय त्याच्या जरासं वर, दहा हजार पावलांचा तो सगळ्यांना माहीत असलेला आकडा विसरा. जो तीन हजार चालतो त्याला साडेतीन हजार, ते चार-पाच दिवस टिकलं की पुढचा टप्पा, नाही टिकलं तर खाली या, त्यात लाज नाही. कुर्टी आणि डॅलरी यांनी २०१३ मध्ये बैठं आयुष्य असलेल्या मोठ्या माणसांवर असंच टप्प्याटप्प्याने टार्गेट वाढवत नेऊन, इंटरनेटवरून पावलांचा हिशेब ठेवून आणि टार्गेट पूर्ण झालं की थोडे पैसे देऊन चालणं वाढवून दाखवलं. पैसे देणं जमणार नसेल तर क्लायंटला जे रोज करायला आवडतंच, मालिका म्हणा, मोबाईल म्हणा, ते चालण्याच्या नंतर लावा. आधी चालणं मग एपिसोड. आजी लोक हे करतच आल्यात, शास्त्रात त्याला प्रीमॅकचं तत्त्व म्हणतात. तुमचे मोटिव्हेशनल मेसेज सकाळी सगळ्यांना एकदम जातात ना, म्हणजे जो चालला त्याला आणि जो नाही चालला त्यालाही तोच मेसेज. ते बंद करा आणि जो चालून आला त्याला त्याच दिवशी, त्याच्या आकड्याबद्दल, दोन शब्द लिहा.

एक गोष्ट मात्र जपा. वजन झपाट्याने उतरतंय, जेवणाची भीती दिसतेय, पाळी थांबलीय, सारखी दुखापत होतेय, असं काही दिसलं तर आलेख बाजूला ठेवून डॉक्टरकडे पाठवा. खेळणाऱ्या लोकांमध्ये गरजेपेक्षा कमी ऊर्जा पोटात जाण्याने अख्ख्या शरीरावर जो परिणाम होतो त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये रेड-एस असं नाव दिलंय. अशा माणसाला तुम्ही "शाब्बास, अजून एक किलो" म्हणालात तर तुमचं शास्त्र उत्तम काम करेल आणि माणूस आजारी पडेल.

प्रश्न: मास्टर्स बिहेवियर ॲनालिसिसमध्ये आहे, कार्डावर स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट लिहिलं तर चालेल का? लोकांना पटकन कळतं.

उत्तर: नाही. बऱ्याच ठिकाणी सायकॉलॉजिस्ट हे नाव कायद्याने राखीव असतं, आणि जिथे नसेल तिथेही लोक त्या नावावर विश्वास ठेवून तुमच्याकडे नैराश्य, पॅनिक, घरातली भांडणं घेऊन येतील. "खेळाडू आणि कोच यांच्यासाठी वर्तन सल्लागार" लिहा, लांब आहे पण खरं आहे.

प्रश्न: क्लायंटचे आधी-नंतरचे फोटो आणि त्यांचे अनुभव इन्स्टावर टाकते, सगळे टाकतात. त्यात प्रॉब्लेम आहे का?

उत्तर: बीसीबीए असाल तर आहे. २०२२ पासून लागू असलेल्या त्या बोर्डाच्या नीतिनियमांनुसार सध्याच्या क्लायंटकडून जाहिरातीसाठी असे अनुभव मागता येत नाहीत, जुन्या क्लायंटचे घेता येतात पण अटी पाळून. नसाल तरी विचार करा, जो माणूस आत्ता तुमच्यावर अवलंबून आहे तो तुम्हाला नाही कसं म्हणणार? त्यापेक्षा नाव-गाव काढलेला एक आलेख टाका, परवानगी घेऊन. लाइक कमी येतील, काम देणारे लोक मात्र तोच बघतात.

प्रश्न: फी कशी लावायची? एक क्लब म्हणतोय टीम जिंकली तर बोनस, नाहीतर अर्धे पैसे.

उत्तर: घेऊ नका. जिंकणं समोरच्या टीमवर, पंचांवर, पावसावर, कोणाच्या घोट्यावर अवलंबून असतं, तुमच्या हातात त्यातलं काही नाही. कामाचे पैसे लावा. बेसलाइनचे आठवडे, कोचसोबतच्या मीटिंग, प्रॅक्टिसला हजर राहण्याचे दिवस, शेवटचा रिपोर्ट, प्रत्येकाचा वेगळा आकडा कागदावर. क्लबला निकालच हवा असेल तर आधी मिळून ठरवा कुठलं वर्तन मोजायचं आणि कितपत बदल झाला तर काम पुढे चालू ठेवायचं. त्याला तयार नसतील तर पैसे पूर्ण द्यायलाही तयार नसतील, असा माझा अनुभव आहे.